मोतमाउली देवी नाही, मग कोण?

बांद्र्याच्या जत्रेत मेणाचं घर विकत मिळतं. तळहाताएवढं, दार-खिडक्या कोरलेलं. मुंबईत परवडणारं घर एवढंच, हा विनोद दर वर्षी कुणीतरी करतंच. घराशेजारी मेणाचा हात, पाय, हृदय, बाळ, आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी विमानसुद्धा. ज्याचा जो नवस त्याने ती वस्तू घ्यायची, डोंगर चढायचा आणि माउंट मेरीपुढे, म्हणजेच मोतमाउलीपुढे, नेऊन ठेवायची. माझी आई पाय घेते. तिच्या गुडघ्यांची तक्रार जुनी आहे. आमच्या घरात ख्रिश्चन कुणी नाही, पण सप्टेंबरातली ही फेरी चुकत नाही. एका वर्षी गौरी आणि जत्रा एकाच आठवड्यात आल्या, तर तिने दुपारी गौरींना नैवेद्य दाखवला आणि संध्याकाळी हिल रोडची बस पकडली. चर्चच्या पायऱ्यांवर मला विचारलं, "ही त्यांची देवीच ना गं?"

मागे रांग होती, म्हणून मी "हो" म्हणून मोकळी झाले. उत्तर चुकलं होतं.

कुठल्याही चर्चमधल्या फादरना विचारा, ते हसून पण ठामपणे सांगतील की मरिया देवी नाही. नाझरेथ गावातली ती एक ज्यू मुलगी, येशूची आई. थोर, पवित्र, सगळ्या संतांच्या वरची, पण माणूस. मग इतकी माणसं डोंगर चढतात, नवस बोलतात, तिला माउली म्हणतात, ते काय आहे? आणि ख्रिस्ती धर्मात देवत्वाला स्त्रीरूप नाहीच म्हणायचं, तर देवात आई शोधणारी माणसं तिथे जातात कुठे? या प्रश्नाची उत्तरं दोन आहेत. एक सगळ्यांना दिसतं, डोंगरावर. दुसरं बायबलमध्येच आहे, पण ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं, आणि गंमत म्हणजे मराठी माणसाला ते सर्वांत लवकर कळावं असं आहे.

आधी नावाचं बघू. 'मोत'चा मोत्याशी संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये डोंगराला 'मोंत' म्हणतात. 'नोसा सेन्योरा दो मोंत', म्हणजे डोंगरावरची आमची स्वामिनी. कोळ्यांच्या आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांच्या तोंडी मोंतचं मोत झालं आणि स्वामिनीची माउली झाली. अर्धं नाव लिस्बनचं, अर्धं पंढरपूरचं. नगर जिल्ह्यात हरेगावला सप्टेंबरात मरियेची मोठी यात्रा भरते, तिथे तिला 'मतमाउली' म्हणतात.

बांद्र्याच्या टेकडीवर जेझुइट फादरांनी सोळाव्या शतकात छोटं प्रार्थनास्थळ उभारलं. १७०० साली अरबी चाच्यांनी मूर्तीच्या हातातल्या सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला. पुढे एका कोळ्याला स्वप्नात दृष्टान्त झाला आणि मूर्ती समुद्रात सापडली, अशी आख्यायिका सांगतात. आपल्याकडच्या निम्म्या देवळांची कथा अशीच सुरू होते, त्यामुळे ती ऐकताना कुणाला काही परकं वाटत नाही. आजची इमारत १९०४ची. तिचा वास्तुविशारद पारशी होता, शापूरजी चंदाभॉय. मुंबईत असंच चालतं. या शहराचं नावसुद्धा मुंबा नावाच्या आईवरून पडलेलं.

मुंबईतल्या चर्चची खरी नावं कुणी फारशी घेत नाही, पण घेतली तर नकाशाभर मरियाच दिसेल. दादरला आपण 'पोर्तुगीज चर्च' म्हणून ज्या स्टॉपवर उतरतो, ते तारणमातेचं चर्च. भायखळ्याचं ग्लोरिया म्हणजे गौरवमाता. काळबादेवीजवळच्या कावेलमध्ये आरोग्यमाता, मरीन लाइन्सच्या सोनापूरला दुःखी माता, सायनला चांगला सल्ला देणारी माता. माहीमला सेंट मायकलमध्ये १९४८पासून दर बुधवारी जी नोव्हेना नावाची प्रार्थना चालते, ती निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची, आणि त्या रांगेत कोण कुठल्या धर्माचं हे ओळखता येत नाही. वेलांकनीच्या मातेला तर साडीच नेसवतात. बाई एकच, नावं अनेक, प्रत्येक नावाची कामगिरी वेगळी. सप्तशृंगी, एकवीरा, जीवदानी करत वाढलेल्या माणसाला हे बघून 'देवीच की' असं वाटलं, तर त्याचा दोष नाही.

मग फादर 'नाही' का म्हणतात?

त्यासाठी पाया पडण्याचा विचार करा. आपण आईच्या पाया पडतो, मास्तरांच्या पडतो, लग्नात वयाने मोठा दिसेल त्याच्या पडतो आणि विठोबाच्याही पडतो. चारही वेळा कंबर तशीच वाकते, मनातला भाव मात्र वेगळा असतो. मास्तरांच्या पाया पडताना ते विश्वाचे निर्माते आहेत असं कुणी समजत नाही. चर्चने हाच फरक शब्दांत बांधून ठेवला आहे. फक्त देवाची करायची ती 'लात्रिया', म्हणजे आराधना. संतांचा करायचा तो 'दुलिया', म्हणजे आदर. आणि मरियेसाठी मधलं खास नाव, 'हायपरदुलिया', सर्वांहून जास्त आदर, तरी आराधना नव्हे. मूर्ती आणि चित्रांपुढे वाकावं की नाही यावरून पूर्वेकडच्या ख्रिस्ती साम्राज्यात मूर्ती फुटल्या, माणसं हद्दपार झाली. शेवटी ७८७ साली निकेया इथल्या धर्मसभेने निकाल दिला की वाकायला हरकत नाही. मान चित्रातल्या व्यक्तीला जातो, लाकूड-रंगाला नाही, आणि आराधना फक्त देवाची.

कागदावर हा फरक स्वच्छ आहे. माणसाच्या गुडघ्यांना तो कितपत कळतो, ही शंका चर्चलाही पहिल्यापासून आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी एपिफानियस नावाच्या बिशपने काही बायकांची तक्रार लिहून ठेवली आहे. अरबस्तानाकडच्या या बायका वर्षातून एकदा आसन मांडायच्या, त्यावर वस्त्र अंथरायच्या, मरियेच्या नावाने छोट्या भाकऱ्या ठेवायच्या आणि मग सगळ्या मिळून खायच्या. भाकरीला ग्रीकमध्ये 'कोलिरिस' म्हणतात, म्हणून त्यांचं नाव पडलं कोलिरिडियन. बिशपसाहेब भडकले होते. मरियेचा मान ठेवा, पण आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचीच करा, असं त्यांनी बजावलं. मला या बायका फार ओळखीच्या वाटतात. त्यांच्या बाजूचा एकही शब्द शिल्लक नाही, जे काही कळतं ते तक्रारदाराकडून. पण आसन, वस्त्र, भाकरी आणि सगळ्यांनी वाटून खाणं, हे वाचून हळदीकुंकू आठवत नाही अशी मराठी बाई विरळा.

प्रत्यक्ष प्रार्थनेत ही रेघ कुठे ओढली आहे ते बघायचं तर जपमाळेकडे जावं लागेल. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांच्या माळेत मरियेची प्रार्थना ५३ वेळा येते. तिचा पहिला अर्धा भाग लूकच्या शुभवर्तमानातून आलेला, देवदूताचा नमस्कार आणि मरियेची नातलग अलिशिबा हिचे धन्योद्गार. दुसऱ्या अर्ध्यात मागणं आहे, पण ते काय आहे नीट ऐका. 'आम्हाला दे' असं त्यात कुठेच नाही. 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' असं आहे. म्हणजे देणारा वेगळा आणि ही आपल्या वतीने बोलणारी. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर वशिला. साहेबांकडे थेट जायची भीती वाटते, पण साहेबांच्या आईशी आपली ओळख आहे, आणि आईचा शब्द साहेब मोडत नाहीत. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा मरियेने हेच केलं होतं. येशू आधी 'माझी वेळ आली नाही' म्हणाला, तिने वाद घातला नाही, वाढप्यांना फक्त 'तो सांगेल ते करा' म्हणाली. झालं काम.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या भांडणाकडे येते. ते इफिस शहरात झालं, ४३१ साली.

इफिस म्हणजे अर्तमी देवीचं शहर. तिथलं देऊळ प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होतं. बायबलच्या नव्या करारात, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, एक झकास प्रसंग आहे. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाच्या उपदेशामुळे देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा खप कमी होईल या भीतीने सोनार बिथरतात आणि सारं शहर नाट्यगृहात जमून दोन तास 'इफिसकरांची अर्तमी थोर' असं ओरडत राहतं. चारशे वर्षांनी त्याच शहरात, मरियेच्याच नावाच्या चर्चमध्ये बिशप जमले. प्रश्न होता, मरियेला 'थिओटोकोस' म्हणावं का? थिओटोकोस म्हणजे देवाला जन्म देणारी. कॉन्स्टँटिनोपलचे प्रमुख नेस्टोरियस म्हणत होते, नको. देव अनादी आहे, त्याला आई कशी असेल? फार तर 'ख्रिस्तोतोकोस' म्हणा, ख्रिस्ताला जन्म देणारी. अलेक्झांड्रियाचे सिरिल म्हणाले की तसं केलं तर येशूचे दोन तुकडे होतात, एक देव आणि एक माणूस. पोटात नऊ महिने होता तो एकच होता, आणि तो देव होता.

वरवर बघता हा वाद मरियेचा वाटतो. खरा वाद येशू कोण यावर चाललेला होता, आणि तिच्या नावावरून तो लढला गेला. सिरिलचा पक्ष जिंकला, तेव्हा गावातल्या लोकांनी मशाली पेटवून बिशपांना मुक्कामापर्यंत पोचवलं. सिरिलने स्वतःच्या पत्रात हे लिहिलंय. अर्तमीच्या गावात लोक एका आईसाठी मशाली घेऊन नाचतात, हे बघून बरेच जण म्हणतात की देवी तीच, नाव बदललं. मला हे अर्धंच पटतं. भावना त्याच असतील, रस्तेही तेच. पण अर्तमी स्वतःच्या बळावर देवी होती. मरियेला जे काही मिळालं ते तिच्या मुलामुळे. विद्वानांना हा फरक मोठा वाटतो. मशाल धरलेल्या माणसाला किती वाटला असेल, कोण जाणे.

इथून पुढे पश्चिमेत मरियेचा मान चढतच गेला. तो इतिहास मोठा आहे, मी झरझर सांगते. १८५४ साली पोप नववे पायस यांनी जाहीर केलं की मरिया गर्भात असल्यापासून मूळ पापापासून, म्हणजे प्रत्येक माणसाला जन्मतः लागलेल्या पापापासून, मुक्त होती. १९५० साली पोप बारावे पायस यांनी जाहीर केलं की ती सदेह स्वर्गात घेतली गेली. या घटनेचा सण १५ ऑगस्टला, म्हणून मुंबईतल्या चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आणि झेंडावंदन पाठोपाठ होतं. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग स्वतः प्रोटेस्टंट, म्हणजे मरियेची अशी भक्ती न मानणाऱ्या पंथाच्या, घरातला, पण या घोषणेने तो हरखून गेला. चारशे वर्षांत इतकी महत्त्वाची धार्मिक घटना झाली नाही, कारण स्त्रीतत्त्वाला अखेर स्वर्गात जागा मिळाली, असं त्याचं म्हणणं. चर्चला मात्र तसं म्हणायचंच नव्हतं. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, मरियेवर स्वतंत्र दस्तऐवज काढावा की चर्चवरच्या दस्तऐवजातच एक प्रकरण द्यावं, यावर मतदान झालं. १११४ विरुद्ध १०७४, अवघ्या चाळीस मतांनी ठरलं की प्रकरणच द्यायचं, म्हणजे तिला माणसांतच ठेवायचं. पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबर १९६४ला, पोप सहावे पॉल यांनी तिला 'चर्चची माता' ही पदवी दिली आणि पंधरवड्याच्या आत ते मुंबईत आले. पुढे काही भक्त तिला 'सह-तारणकर्ती' म्हणा असा आग्रह धरत राहिले. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की तसं म्हणणं योग्य नाही. सोळाशे वर्षं झाली, एपिफानियसची चिंता अजून संपलेली नाही.

आता ते दुसरं उत्तर. मला स्वतःला ते जास्त मोलाचं वाटतं.

देवाला बाप म्हणायचं हे ख्रिस्ती माणसाला शिकवावं लागत नाही, 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना येशूनेच शिकवली. पण बायबलचा पहिला भाग, जुना करार, उघडा. यशया संदेष्ट्याच्या ४९व्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्या लेकराला विसरेल का? आणि म्हणतो, एखादी विसरेलही, मी विसरणार नाही. ६६व्या अध्यायात तो म्हणतो, आई लेकराला समजावते तसा मी तुम्हाला धीर देईन. ४२व्या अध्यायात तर तो प्रसूतीच्या कळा देणाऱ्या बाईसारखा ओरडतो. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत मागे जाऊन बघितलं, बोलतंय कोण म्हणून. देवच बोलत होता. १३१व्या स्तोत्रात भक्ताचा जीव देवापाशी आईजवळच्या लेकरासारखा शांत झालेला आहे. हिब्रूत गर्भाशयाला 'रेहेम' म्हणतात आणि दयेला 'रहामीम'. एकाच मुळातून निघालेले शब्द. देव दयाळू आहे असं हिब्रूत म्हटलं की त्या दयेला पोटाचा वास येतो. आपण 'पोटात माया आहे' म्हणतो, ते याच्या किती जवळ आहे!

येशूचंही तसंच. मत्तयच्या २३व्या अध्यायात तो यरुशलेमला म्हणतो, कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेते तसं तुम्हाला जवळ घ्यायचं किती वेळा मनात होतं, पण तुम्हीच आला नाहीत. सिंह नाही, गरुड नाही, कोंबडी. लूकच्या १५व्या अध्यायात हरवलेलं मेंढरू शोधणारा मेंढपाळ आणि उधळ्या मुलाची वाट बघणारा बाप, या दोन गोष्टी जगभर माहीत आहेत. त्या दोघांच्या मधोमध तिसरी गोष्ट आहे. एका बाईकडे दहा नाणी असतात, एक हरवतं, ती दिवा लावते, घर झाडते, सापडल्यावर शेजारणींना बोलावते. मेंढपाळ म्हणजे देव, बाप म्हणजे देव, हे सगळे सांगतात. मग हातात केरसुणी घेतलेली बाई म्हणजेही देवच की! मेंढपाळाची चित्रं घरोघरी दिसतात, या बाईचं चित्र तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

मग पवित्र आत्मा. हिब्रूत वाऱ्याला, श्वासाला आणि आत्म्याला एकच शब्द, 'रूआह', आणि तो बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी. उत्पत्तीच्या सुरुवातीला पाण्यावर जी तरंगते ती 'ती' आहे, आणि तिथलं क्रियापद बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात पिल्लांवर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यासाठी आलेलं. हाच शब्द ग्रीकमध्ये 'न्यूमा' झाला आणि नपुंसकलिंगी झाला. लॅटिनमध्ये 'स्पिरितुस', पुल्लिंगी. मराठीत आत्मा 'तो', आणि हिंदीत तोच शब्द 'मेरी आत्मा', म्हणजे ती! दहिसर ओलांडायच्या आतच लिंग बदलतं. अर्थात व्याकरणावर फार भार टाकू नये. खुर्ची ती म्हणून बाई होत नाही. पण भाषा मनावर परिणाम करतेच. सिरियाक या पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेत 'रूहा' स्त्रीलिंगी होती, तेव्हा चौथ्या शतकातला आफ्राहात नावाचा साधू सहज लिहून गेला की लग्नाआधी पुरुषाचं प्रेम असतं ते देवावर, जो त्याचा पिता, आणि पवित्र आत्म्यावर, जी त्याची आई. पुढच्या शतकांत सिरियाक लेखक हळूहळू व्याकरण वाकवून रूहाला पुल्लिंगी क्रियापदं लावू लागले. मुंबईतल्या मल्याळी ख्रिस्ती लोकांच्या काही उपासना याच सिरियाक परंपरेतून आलेल्या आहेत.

प्रज्ञेचंही सांगायला हवं, थोडक्यात. नीतिसूत्रांच्या ८व्या अध्यायात प्रज्ञा ही बाई आहे. ती चव्हाट्यावर, वेशीपाशी उभी राहून लोकांना हाक मारते आणि सांगते की पृथ्वी घडत होती तेव्हा मी देवाजवळ होते, रोज त्याच्यापुढे बागडत होते. हिब्रूत ती 'होख्मा', ग्रीकमध्ये 'सोफिया'. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचं नाव तिच्यावरून, पवित्र प्रज्ञा. पण योहानाने शुभवर्तमान लिहिताना हीच भूमिका 'लोगोस'ला दिली, आणि लोगोस पुल्लिंगी. 'प्रारंभी शब्द होता.' शब्द, तोही 'तो'च. सोफिया मागे राहिली.

तर घडलं ते असं, असं मला वाटतं. देवातलं आईपण हळूहळू देवाकडून काढून मरियेकडे जमा होत गेलं. मध्ययुगातल्या चर्चच्या दारावर न्याय करायला बसलेला कठोर ख्रिस्त कोरलेला असायचा, आणि दयेसाठी लोक त्याच्या आईकडे वळायचे. सगळी माया एका खात्यात, सगळा धाक दुसऱ्या खात्यात. मरिया जितकी मायाळू झाली तितका देव लांब गेला, आणि देव जितका लांब गेला तितका वशिला लागू लागला.

तरी काहींनी हा हिशेब मानला नाही. अकराव्या शतकात कँटरबरीच्या अँसेल्म या ख्रिस्ती विचारवंताने प्रार्थनेत येशूलाच विचारलं, तूही आई नाहीस का, पिल्लांना पंखाखाली घेणारी? आणि मग इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन. हिचं खरं नाव नक्की माहीत नाही, ज्या सेंट ज्युलियन चर्चला लागून असलेल्या खोलीत ती राहायची त्यावरून हे नाव पडलं असावं. मे १३७३मध्ये, तिशीत, मरणाच्या दारात असताना तिला सोळा दर्शनं झाली. ती जगली, आणि पुढची अनेक वर्षं त्यांचा अर्थ लावत बसली. ती लहान असताना नॉर्विचवर प्लेग येऊन गेला होता. मेलेली लेकरं आणि रडणाऱ्या आया तिने पाहिल्या असणारच. तिने लिहिलं की देव जितका खरा बाप तितकाच खरी आई. आई लेकराला दूध पाजते, येशू आपल्याला स्वतःलाच भरवतो. लेकरू पडलं, मळलं, घाबरलं तर त्याने पळून कुठे जायचं? आईकडेच. इंग्रजीत लिहिणारी ज्ञात असलेली ही पहिली बाई, आणि तिने देवाला आई म्हटलं. तिला कुणी जाळलं नाही, पण फारसं कुणी वाचलंही नाही, कितीतरी शतकं. १९७८ साली अवघे ३३ दिवस पोप राहिलेले पहिले जॉन पॉल रविवारच्या छोट्या भाषणात म्हणाले की देव पिता आहे, त्याहून जास्त तो माता आहे. लोक दचकले. त्यांनी आधार दिला तो यशयाचा. आणि १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्टच आहे, देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही, तो देव आहे. अर्थात 'तो'च.

यातून बायकांच्या हाती काय लागलं, हा प्रश्न आपणही विचारावा असाच आहे. नवरात्रात नऊ दिवस देवी आणि दहाव्या दिवशी सुनेला चहा टाकायला लावणारी घरं आपल्या ओळखीची आहेत. कॅथलिक चर्चमध्येही मरियेचा मुकुट सोन्याचा, पण वेदीवर बाई पुरोहित नाही. पहिल्यांदा पुनरुत्थित येशूला बघणारी त्याची शिष्या मरिया माग्दालिया. तिला ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका प्रवचनात दुसऱ्याच एका पापी बाईशी जोडून टाकलं आणि चौदाशे वर्षं ती वेश्या म्हणून रंगवली गेली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या दिवसांसारखा सणाचा दर्जा दिला. आणि ज्या मरियेला इतकं मवाळ करून ठेवलंय, तिचं लूकमधलं गीत मुळात वाचा: देवाने सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली ओढलं, दीनांना उंच केलं, श्रीमंतांना रिकाम्या हाती परत पाठवलं. मेणबत्तीच्या उजेडात हे सहसा कुणी म्हणत नाही.

प्रोटेस्टंट लोकांनी वशिलाच बंद केला. देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त, हे पौलाचं वाक्य त्यांचा आधार. बापाकडे जायला चिठ्ठी कशाला? तर्क सरळ आहे. पण आई घराबाहेर गेली, आणि घर जरा गार झालं. मराठी मुलखात मात्र इथे एक वेगळीच गोष्ट घडली.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत चौपाटीला विधवांसाठी शाळा काढली. त्या तेव्हा ख्रिस्ती होत्या, बिशपांशी आणि सिस्टरांशी सिद्धान्तांवरून पत्रातून भांडत होत्या, आणि शाळेचं नाव त्यांनी ठेवलं शारदा सदन. पुढे त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली पूर्ण छापून झालं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतलाच, अमेरिकन मिशनमधला. म्हणजे मरियेपुढे मेणबत्ती लावायला ज्या पंथात जागाच नाही, तिथला. पण हा माणूस तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं सांगायचा, आणि तो पूल ओलांडताना सामान घेऊनच आला. त्याच्या पदांत ख्रिस्त गुरू आहे आणि आईही आहे. त्याला त्यात काही धाडस वाटलं नाही, कारण मराठीत ते धाडस नाहीच. कमरेवर हात ठेवून उभा असलेला, मिशीचा नसला तरी पुरुषच देव, त्याला आपण विठाई म्हणतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो आणि एकविशीत समाधी घेतलेला तो तरुण मुलगा होता हे आठवतही नाही. शेजारी वेगळी देवी न बसवता देवालाच आई म्हणायचं, ही वाट ज्युलियनने एका बंद खोलीत शोधली. आपल्याकडे ती आषाढात लाखो माणसं पायाने तुडवतात. टिळकांनी ती फक्त चर्चपर्यंत आणली.

आईला हे सगळं मी परवाच्या जत्रेहून परतताना सांगितलं, एवढं लांबवून नाही. बस हिल रोडवर अडकली होती, वेळ भरपूर होता. ती गुडघा चोळत ऐकत होती.

"म्हणजे हिला सांगायचं, ही पुढे सांगणार."

"हो."

"आणि तो पुढचापण आईसारखाच आहे म्हणतेस."

"त्यांच्या पुस्तकात आहे तसं."

"मग एवढी भांडणं कशावरून झाली?"

मी इफिसपासून परत सुरुवात करणार होते, पण कंडक्टरने पुढे सरकायला सांगितलं.